मालवण मतदारसंघ गेला कुठे?

या सदराकडे कोकणातील निवडणुकांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच मतदारसंघाभोवती फिरणारी असल्याने ती या वेळी एकत्र घेतली आहेत. चौघेही पत्रलेखक मुंबईत राहतात आणि चौघांचीही मुळे मालवण-कुडाळच्या पट्ट्यात आहेत.

प्रश्न : आमचे गाव मालवण तालुक्यात, मसुऱ्याजवळ. गेल्या मे महिन्यात गावच्या घरातली पत्र्याची ट्रंक उपसताना वडिलांचे जुने मतदार ओळखपत्र हाती लागले. त्याच्या पाठीमागे विधानसभा मतदारसंघ म्हणून ‘३ मालवण’ असे छापलेले आहे. गावीच राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या ओळखपत्रावर मात्र ‘२६९ कुडाळ’ आहे. घर तेच, वाडी तीच, शाळेतले मतदान केंद्रही तेच. मग मालवण मतदारसंघ गेला कुठे, आणि तो घालवला कुणी? (एक वाचक, काळाचौकी)

उत्तर : ‘घालवला कुणी’ या प्रश्नाचे उत्तर आपणांस आवडणार नाही, म्हणून ते थोडे मागे ठेवून आधी ‘कुठे गेला’ ते सांगतो.

आपल्या वडिलांच्या कार्डावरचा तीन हा आकडा जपून ठेवण्याजोगा आहे. १९७८ ते २००४ या काळात महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांची यादी दक्षिणेकडून सुरू होत असे. पहिला सावंतवाडी, दुसरा वेंगुर्ला, तिसरा मालवण, चौथा देवगड आणि त्यापुढे राजापूर, असा तो क्रम होता. आजच्या यादीचा आरंभ नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्यापासून होतो आणि शेवट सांगली जिल्ह्यातील जत येथे, २८८व्या क्रमांकावर होतो. तळकोकण यादीच्या डोक्यावरून पायथ्याशी आले ते त्यामुळे. हा केवळ मोजणीच्या दिशेचा बदल असून त्यात मानापमान मानण्यासारखे काही नाही. खरा बदल संख्येत झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात पूर्वी सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण आणि देवगड असे चार मतदारसंघ होते. आता कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे तीनच आहेत. कणकवली, देवगड व वैभववाडी हे तालुके पहिल्यात, कुडाळ व मालवण दुसऱ्यात, आणि सावंतवाडी, वेंगुर्ले व दोडामार्ग तिसऱ्यात अशी आठ तालुक्यांची वाटणी आहे. आपला तालुका अखंड राहिला. फक्त मतदारसंघाला शेजारच्या तालुक्याचे नाव मिळाले.

हे घडले ते न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाच्या, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या आयोगाच्या, आदेशाने. तो आदेश २००८ मध्ये लागू झाला आणि नव्या सीमांवर विधानसभेची पहिली निवडणूक ऑक्टोबर २००९ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या सीमा १९७१च्या जनगणनेवर बेतलेल्या होत्या. १९७६च्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठवली गेल्यामुळे तीस वर्षे कोकणातली माणसे गाड्या भरून मुंबईला जात राहिली, तरी कोकणातल्या जागा जिथल्या तिथे राहिल्या. पुढे राज्याची एकूण जागांची संख्या तशीच ठेवून तिच्या आतल्या सीमा २००१च्या जनगणनेनुसार आखाव्यात असे ठरले, आणि साचलेला हिशेब एकदम पुढे आला.

तो हिशेब आपण घरी बसून करू शकता. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. तिला २८८ने भागले की एका जागेमागे सुमारे ३,३६,३८४ माणसे येतात. सिंधुदुर्गची लोकसंख्या तेव्हा ८,६८,८२५ होती. भागाकार येतो २.५८, म्हणजे तीन जागा. रत्नागिरीची १६,९६,७७७, भागाकार ५.०४, म्हणजे पाच. तिथे आधी सात होत्या आणि खेड व संगमेश्वर ही दोन नावे यादीतून गेली. आता ठाणे जिल्हा घ्या, तेव्हाचा, म्हणजे पालघरसह. लोकसंख्या ८१,३१,८४९, भागाकार २४.१७, आणि जागा १३ वरून थेट २४. मुंबईच्या ३४ होत्या, त्या ३६ झाल्या.

कोकणच्या दोन जिल्ह्यांनी मिळून ज्या तीन जागा गमावल्या, त्या डोंबिवली, दिवा, भांडुप, नालासोपारा या बाजूला सरकल्या असे म्हटले तर ते अगदी काटेकोर नसले तरी फारसे चुकीचेही नाही. ठाण्याच्या वाढीत घाटावरची, खानदेशातली आणि परप्रांतातली माणसेही आहेत हे खरे. पण गावच्या घराला कुलूप लावून निघालेल्यांत आपलीही माणसे होती. मालवण मतदारसंघ घालवला तो कुणा पुढाऱ्याने नव्हे. तो आपल्या वडिलांनी, आमच्या वडिलांनी आणि त्यांच्यामागून गाडी धरलेल्या प्रत्येक चाकरमान्याने घालवला.

आणि हा हिशेब अजून संपलेला नाही. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या वाढण्याऐवजी ८,४९,६५१ पर्यंत खाली आली, तर राज्याची ११,२३,७४,३३३ झाली. तोच भागाकार २.१८ वर येतो. रत्नागिरीचा ४.१४ येतो. पुढच्या फेरवाटणीत राज्याच्या जागा २८८च राहिल्या आणि हीच रीत लावली गेली, तर सिंधुदुर्गात दोनच आमदार उरतात. आपल्या भावाने आपले कार्डही ट्रंकेत जपून ठेवावे.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या तोंडी बॅरिस्टर नाथ पै आणि प्राध्यापक दंडवते यांची नावे देवाइतकीच येत. वडील शिवसेनेचे. आता गावाकडून येणाऱ्या बातम्यांत राणे आणि नाईक ही दोनच नावे असतात. हा भाग समाजवाद्यांचा बालेकिल्ला, की शिवसेनेचा, की आणखी कुणाचा? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर : ‘बालेकिल्ला’ हा शब्द वापरण्यापूर्वी कोणत्या निवडणुकीविषयी आणि कोणत्या सीमांविषयी बोलत आहोत हे ठरवावे लागते. आपल्या आजोबांची नावे लोकसभेची आहेत आणि वडिलांची निष्ठा बहुधा विधानसभेत घडलेली आहे. या दोन यंत्रांवर एकच बोट वेगवेगळी बटणे दाबते, हा कोकणातला जुना अनुभव आहे.

राजापूर लोकसभा मतदारसंघातून नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले. ते मूळचे वेंगुर्ल्याचे. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते, पण पुढच्या दोन विजयांचे श्रेय त्या वाऱ्याला देता येत नाही. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत मधु दंडवते उभे राहिले. ते अहमदनगरचे, म्हणजे घाटावरचे. तरीही कोकणाने त्यांना आपले मानले. त्या वर्षी काँग्रेसने महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा घेतल्या आणि उरलेल्या तीनांत राजापूर होते. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसला ४८ पैकी ४३ जागा मिळाल्या, त्याही वेळी दंडवते टिकले. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे पाच विजय मिळवल्यावर १९९१ मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला. जनता पक्षाच्या राजवटीत रेल्वेमंत्री असताना ज्यांनी कोकणच्या रुळांचा पाठपुरावा केला, त्यांना मतदारांनी ती गाडी धावण्याच्या कितीतरी आधी घरी बसवले. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली ती जानेवारी १९९८ मध्ये. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू सलग चार वेळा जिंकले आणि २००८च्या परिसीमनात राजापूर हे नावच लोकसभेतून गेले. त्याजागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला.

विधानसभेचे चित्र याहून निराळे आहे. मालवणात १९९० मध्ये शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले. मुंबईत रुजलेली संघटना गावात पोहोचली ती पत्रकांतून नव्हे. गिरणगावातल्या खोल्यांतून सुटीत गावी जाणाऱ्या मुलांबरोबर ती पोहोचली, असे आमचे मत आहे. ज्या घराच्या ओटीवर नाथ पैंची तसबीर होती, त्याच ओटीवर चेंबूर-परळच्या शाखेत जाणारा नातू पाटावर बसून निवडणुकीच्या गोष्टी सांगू लागला. राणे १९९५, १९९९ आणि २००४ मध्येही जिंकले आणि मधल्या काळात, फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९९ मध्ये, मुख्यमंत्री झाले. २००५ मध्ये ते शिवसेनेतून बाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत मालवणातूनच मोठ्या मताधिक्याने परत आले. चिन्ह बदलले, पक्ष बदलला, तरी मतदार त्यांच्याबरोबर गेला. तेव्हा तो किल्ला शिवसेनेचा होता की राणे यांचा, याचे उत्तर त्या पोटनिवडणुकीपुरते तरी मिळते.

पण २००९ मध्ये त्याच मतदारसंघाची जमीन बदलली. नव्या कुडाळमधून राणे जिंकले, २०१४ मध्ये मात्र शिवसेनेच्या वैभव नाईक यांनी त्यांना १०,३७६ मतांनी हरवले. त्या निवडणुकीत भाजप-शिवसेना वेगळे लढले आणि काँग्रेस-राष्ट्रवादीही वेगळे लढले, हे विसरून या निकालाचा अर्थ लावू नये. २०१९ मध्ये नाईक पुन्हा निवडून आले. २०२४ मध्ये शिवसेनेच्याच दोन गटांत सामना झाला आणि एकनाथ शिंदे यांच्या पक्षाकडून उभे राहिलेल्या निलेश राणे यांनी नाईक यांचा ८,१७६ मतांनी पराभव केला. चौतीस वर्षांत एका पट्ट्यात इतके फेर झाले असतील, तर तिथे बालेकिल्ला कुणाचाच नव्हता असे म्हणणे अधिक बरे.

दुसरी एक गोष्ट मुंबईतून दिसत नाही. कुडाळ मतदारसंघाला समुद्र आहे आणि समुद्राकडे पाठ असलेला मोठा मुलूखही आहे. आचऱ्यापासून तारकर्ली-देवबागेपर्यंतच्या पट्ट्यात उमेदवाराला पहिला प्रश्न विचारला जातो तो पर्ससीनचा, म्हणजे यांत्रिक नौकांवरून टाकल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा. पहाटे पन्नासेक माणसे दोरांना धरून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे, ओढतात. दोन तास ओढून जाळ्यात टोपलीभर पेडवे आले, की समोर क्षितिजावर दिसणाऱ्या यांत्रिक नौकांकडे पाहून जे बोलले जाते तेच पुढे प्रचारसभेत बोलले जाते. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, पण त्यांची अंमलबजावणी हा वादाचा विषय राहिलाच. कुडाळ, पिंगुळी, माणगाव या बाजूला हा शब्दही कानी पडत नाही. तिथे भात, काजू, महामार्ग आणि ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांतली खेटे घालण्याची कामे हे विषय असतात. मतदारसंघ एक असला तरी त्यात दोन वेगवेगळ्या निवडणुका चालतात आणि ज्याला दोन्हीकडे बोलता येते तो पुढे जातो.

प्रश्न : आमची कुडाळची आजी सांगायची की इंग्रजांच्या काळात मालवणात मतदान व्हायचे, पण कुडाळात नाही. हे खरे आहे काय? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : आजींची आठवण खरी आहे. मालवण हा ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका होता आणि कुडाळ हा सावंतवाडी संस्थानचा भाग होता. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळासाठी १९३७ मध्ये आणि पुन्हा १९४६ मध्ये निवडणुका झाल्या, तेव्हा प्रांतातल्या प्रजेला मत होते, संस्थानातल्या नव्हते. मालवणातही ते सर्वांना नव्हते. मालमत्ता, भरलेला महसूल किंवा शिक्षण यांच्या अटीत बसणारेच मतदार होते आणि त्यांत स्त्रिया फारच थोड्या होत्या. सावंतवाडी १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यानंतर १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुडाळच्या शेतकऱ्याने आणि मालवणच्या गाबित मच्छीमाराने एकाच राज्याच्या विधानसभेसाठी प्रथमच मत दिले. आज हे दोन तालुके एका मतदारसंघात बसवलेले पाहून नव्वदीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला मौज वाटत असेल.

प्रश्न : माझे नाव गावच्या यादीत आहे आणि भांडुपच्या यादीतही आहे. दर निवडणुकीला आमचे मंडळ बस करून गावी जाते. भाडे कुणी भरले हे कुणी विचारत नाही. यात काही बेकायदा आहे काय? आणि आमच्या एका बसने असा काय फरक पडतो? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्या शेजारच्या कणकवली मतदारसंघात २००९ मध्ये भाजपचे प्रमोद जठार निवडून आले ते ३४ मतांनी. एसटीच्या एका गाडीत याहून अधिक माणसे बसतात.

आता नावाविषयी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ प्रमाणे एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांच्या यादीत असता येत नाही. आपले नाव दोन्हीकडे आहे ही चूक यंत्रणेची असो वा आपली, ती दुरुस्त करण्याचे काम आपल्याकडेच येते. आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांचे नाव गावच्या यादीतून काढण्यासाठी आम्ही दोनदा अर्ज दिला, तरी पुढच्या यादीत ते जसेच्या तसे होते, आणि ते वारल्यावरही एक निवडणूक तिथे राहिले. तेव्हा एका अर्जावर विसंबू नका, नवी यादी निघाली की पाहा. नोंदणीच्या वेळी आपण खोटे निवेदन दिले असेल तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ नुसार एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिल्यास दोन्ही मते बाद होतात. विधानसभेला राज्यभर एकाच दिवशी मतदान होत आल्याने हा मोह फारसा होत नाही, परंतु लोकसभेला होऊ शकतो. २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदान ७ मे रोजी झाले आणि मुंबईचे २० मे रोजी. बोटावरची शाई तेरा दिवसांत पुरती जात नाही, एवढ्यावरच भिस्त होती.

मग नाव ठेवायचे कुठे? चाकरमान्यांचा समज असा असतो, की गावी घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे, म्हणजे मतही गावचेच. कायदा असे म्हणत नाही. १९५० च्या अधिनियमाचे कलम २० स्पष्ट सांगते, की केवळ घर मालकीचे किंवा ताब्यात आहे एवढ्याच कारणाने कोणी तिथला ‘सामान्यतः रहिवासी’ ठरत नाही. त्याच कलमात पुढे असेही आहे, की तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास तुटत नाही. चाकरमानी या दोन वाक्यांच्या मध्ये लोंबकळतो. दोन वर्षांसाठी कंत्राटावर मुंबईत आलेला तरुण दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊ शकतो. पण ज्याची मुले भांडुपच्या शाळेत शिकली, रेशनकार्ड भांडुपचे आहे आणि जो गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरताच गावी जातो, त्याला आपण तात्पुरते गैरहजर आहोत असे म्हणणे जड जाईल. आपल्या पत्रातील तपशिलांवरून आपण दुसऱ्या प्रकारातले दिसता. म्हणून गावच्या यादीतून नाव कमी करून घ्यावे. ज्यांचे नाव एकाच ठिकाणी आहे आणि ते हलवायचे आहे, त्यांनी नमुना आठ भरावा. परगावी राहून आपल्या मतदारसंघात मत देता यावे यासाठी निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये एका यंत्राचे प्रात्यक्षिक राजकीय पक्षांसमोर ठेवले होते. ते एका वेळी ७२ मतदारसंघ हाताळू शकते असे सांगण्यात आले. अनेक पक्षांनी आक्षेप घेतले आणि ते यंत्र मतदान केंद्रापर्यंत आले नाही.

ज्यांचे नाव कायदेशीरपणे गावीच आहे, त्यांना मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळण्याचा हक्क आहे, मग नोकरी मुंबईत का असेना. तो १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १३५ब मध्ये आहे. मात्र सुटी एकाच दिवसाची मिळते. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी उतरणे, मत देणे आणि त्याच रात्री परत फिरणे त्यात कसेबसे बसते.

राहिली बस. कलम १२३च्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी मतदारांना केंद्रापर्यंत फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन भाड्याने घेणे हे भ्रष्ट आचरण ठरते आणि त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. कलम १३३ खाली शिक्षाही आहे. त्यामुळे ‘भाडे कुणी भरले हे कुणी विचारत नाही’ हे आपले वाक्य मंडळाच्या अध्यक्षांना आधी विचारायला लावा. मतदारांनी वर्गणी काढून वाहन केले तर चालेल अशी सवलत या कलमात आहे, पण तिची शब्दरचना एकदा वाचून पाहावी : असे वाहन किंवा जलयान यांत्रिक शक्तीवर चालणारे नसावे. म्हणजे देवबागेच्या चार घरांनी खर्च वाटून वल्ह्याची होडी केली, किंवा मसुऱ्याच्या माणसांनी बैलगाडी जुंपली, तर कायदा त्यांना नावानिशी अभय देतो. भांडुपहून निघणाऱ्या आपल्या बसला ते अभय नाही. उमेदवाराचा किंवा त्याच्या माणसांचा पैसा अथवा संमती त्या बसमागे नसेल तर भ्रष्ट आचरणाचा ठपका येत नाही, परंतु ते सिद्ध करण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा प्रत्येकाने आपापले तिकीट काढून एसटीने किंवा रेल्वेने जावे. स्वखर्चाने सार्वजनिक वाहनातून जाणाऱ्या मतदाराला हे कलम स्पष्ट शब्दांत मोकळे सोडते.